एपिक्युरसचं नाव खवय्यांना कसं चिकटलं?

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एका हॉटेलच्या इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करून द्यायचं काम आलं. त्यात एका जेवणाला 'एपिक्युरियन' म्हटलं होतं, म्हणजे सात पदार्थ एकामागून एक आणि प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन. मी 'खास खवय्यांसाठी' असं लिहून पुढे सरकले, शब्दकोशातही तोच अर्थ आहे, चोखंदळ खवय्या, चैनी माणूस. मग रात्री हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो माणूस कोण म्हणून वाचायला बसले आणि तेव्हापासून माझं मन था­ऱ्यावर नाही, म्हणून हा धागा.

एपिक्युरस, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ, जन्म इ.स.पू. ३४१, सामोस बेटावर, आईवडील मूळ अथेन्सचे, वडील शाळामास्तर. आधी मायटिलिनी, मग लॅम्पसॅकस अशा गावांत शिकवत शिकवत इ.स.पू. ३०६ च्या सुमाराला तो अथेन्सला आला आणि ८० मिना (तिथलं तेव्हाचं चलन) देऊन वेशीबाहेर एक बाग घेतली. त्याच्या शाळेचं नावच पुढे 'बाग' पडलं. तिथे बायका होत्या, गुलाम होते, आणि ते पाणी घालायला नाही तर चर्चेला बसायचे. आणि खायचे काय? भाकरी आणि पाणी. फार तर सातूची पेज. एका मित्राला त्यानं लिहिलंय की मला चीजचं एक छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल.

मडकंभर चीज ही त्याची मेजवानी!! आणि त्याचं नाव आपण सात पदार्थांच्या जेवणाला देऊन बसलोय.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं (मला समजलं तसं लिहितेय, चुकलं तर सांगा). सुख हेच ध्येय, हे तो उघड म्हणतो, लपवत नाही. पण सुख म्हणजे शरीराला दुखणं नसणं आणि मनाला धास्ती नसणं. मेनोसियस नावाच्या कुणाला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच बजावतो की आम्ही सुख म्हणतो तेव्हा दारूच्या बैठका, रोजची धमाल, श्रीमंतांच्या ताटातले मासे हे आमच्या मनात नसतं, आमच्या मनात शांत डोक्यानं केलेला विचार असतो. म्हणजे तो जिवंत असतानाच लोक त्याचा हा अर्थ काढत होते आणि त्याला खुलासा करावा लागत होता! तो खुलासा आजही वाचायला मिळतो, तरी शब्दकोशात उलटंच.

एखाद्याच्या नावाचं इतकं उलटं कसं होतं, कोण करतं, हे मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

---

केळफूल | मंगळवार, रात्री १०:४०

वाचतेय. चीजचं मडकं फार आवडलं.

---

डोंगरवाट | मंगळवार, रात्री ११:०५

धागा छान आहे पाटीपेन्सिलताई पण मला एक शंका आहे. ज्यानं स्वतः 'सुख हेच ध्येय' असं म्हटलं त्याचं नाव सुखासीन लोकांना चिकटलं तर त्यात इतकं नवल काय? शब्द त्यानंच तसा निवडला. शांती म्हणायचं होतं तर शांती म्हणायचं ना. मी स्वतः ट्रेकिंगवाला माणूस, तीन दिवस पाठीवर सामान टाकून खिचडी खात हिंडतो आणि मला त्यातच आनंद वाटतो, पण त्याला मी सुख म्हणत नाही, आनंद म्हणतो. सुख म्हटलं की गादीच डोळ्यासमोर येते.

---

जुनापिंपळ | बुधवार, सकाळी ७:१५

डोंगरवाट, तुमची शंका रास्त आहे, पण नुसत्या शब्दामुळे हे झालं नाही. याच्यामागे माणसं होती आणि त्यांची नावंही उपलब्ध आहेत.

पहिला टायमोक्रेटिस. एपिक्युरसचा जिवलग मित्र आणि सहकारी मेट्रोडोरस, त्याचा हा सख्खा भाऊ. बागेत राहिला, बिनसलं, बाहेर पडला आणि मग सांगत सुटला की एपिक्युरस इतका खातो की दिवसातून दोनदा ओकतो. घर सोडून गेलेल्या माणसानं घरातलं म्हणून सांगितलं की लोक विश्वास ठेवतातच. दुसरा डायोटिमस, स्टॉइक नावाच्या प्रतिस्पर्धी तत्त्वज्ञान-पंथाचा. यानं तर ५० अश्लील पत्रं लिहून ती एपिक्युरसच्या नावावर खपवली. तिसरा रोमन लेखक सिसेरो, हा खोटेपणा करत नाही, रीतसर वाद घालतो, पण त्याचं लॅटिन इतकं सुंदर की शेकडो वर्षं युरोपातली पोरं ते गिरवत लॅटिन शिकली आणि त्याबरोबर त्याची मतंही शिकली.

आणि एपिक्युरसचं स्वतःचं? जवळजवळ ३०० गुंडाळ्या भरतील इतकं त्यानं लिहिलं होतं म्हणतात. आपल्या हाताशी पूर्ण असं काय आहे तर तीन पत्रं आणि ४० सूत्रं, तीही डायोजिनिस लाएर्शियस नावाच्या चरित्रकारानं आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात उतरवून घेतली म्हणून. त्यानं तेवढा कंटाळा केला असता तर आज तुमच्या हातात फक्त विरोधकांचा एपिक्युरस असता.

आता हे वाचून आपल्याकडचा कोण आठवतो?

---

डोंगरवाट | बुधवार, सकाळी ७:५०

चार्वाक. ऋणं कृत्वा घृतं पिबेत्.

---

जुनापिंपळ | बुधवार, सकाळी ८:३०

बरोबर. आणि बघा, तुम्हालाही चार्वाकाचं तेवढं एकच वाक्य पटकन आठवलं, मलाही शाळेपासून तेच पाठ आहे. आता हे कुठून आलं? चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून, आणि माधवाचार्य वेदान्ती. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हीच ओळ वेगळ्या रूपात आहे, 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः', म्हणजे जिवंत आहात तोवर सुखानं जगा, मृत्यूच्या नजरेआड कुणीच नाही. यात ना कर्ज आहे ना तूप. प्रकरणाच्या शेवटी मात्र कर्ज काढून तूप प्या अशी ओळ येते आणि लोकांच्या तोंडी तीच बसली. चार्वाकांचं स्वतःचं मूळ सूत्र आज आपल्याकडे नाही, जे आहे ते खंडन करणाऱ्यांनी उद्धृत केलेलं.

दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. दोघांची मतंही सगळी जुळत नाहीत. पण दोघांनी सांगितलं की देह गेला की सगळं संपलं, आणि दोघांच्या हातात लोकांनी तुपाची वाटी दिली. हे मात्र मला विचार करण्यासारखं वाटतं.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ९:१०

पिंपळकाका, काय लिहिलंत! हे असं काही मिळेल म्हणूनच धागा काढला होता.

डोंगरवाट, तुमच्या खिचडीबद्दल, तुम्ही जे सांगताय तेच तो म्हणतोय. इच्छांचे तो तीन प्रकार करतो. काही नैसर्गिक आणि गरजेच्या, भूक तहान निवारा. काही नैसर्गिक पण गरजेच्या नाहीत, म्हणजे पक्वान्नं वगैरे, मिळाली तर खा, नाही मिळाली तर जीव टाकू नका. आणि तिसऱ्या पोकळ, कीर्ती सत्ता अफाट पैसा, ज्यांना तळच नाही. भूक लागलेल्याला भाकरी आणि पाणी यानं जे सुख मिळतं ते सगळ्यात वरचं, असं त्याच पत्रात आहे. तीन दिवस चालून आल्यावरची खिचडी आणखी वेगळं काय सांगते?

शब्द मात्र त्यानं सुख हाच निवडला हे खरंय, आणि तो मुद्दाम निवडला असावा असं मला वाटतं. शांती म्हटलं असतं तर त्याच्या बागेत पाटावर बसणारेच आले असते. भुकेल्या माणसाला कळणारा शब्द त्याला हवा होता. (हे माझं मत.)

---

खडक | बुधवार, दुपारी १:२०

मी गेली काही वर्षं स्टॉइक लोकांचं वाचन करतोय, कठीण दिवसांत मला त्याचा फार आधार झालाय म्हणून त्यांच्या बाजूनं लिहितो. डायोटिमसनं जे केलं ते लाजिरवाणं आहे, त्याचं समर्थन नाही. पण सगळे स्टॉइक तसे नव्हते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका घ्या. तो स्टॉइक असून ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांमध्ये सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एक चांगलं वचन भेट म्हणून देतो आणि त्यातली कितीतरी एपिक्युरसची आहेत. विरोधकाच्या छावणीत हेर म्हणून जातो, फितूर म्हणून नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. बागेच्या दारावर काय लिहिलंय तेही तोच सांगतो, पाहुण्या इथे थांब, इथे सुख हेच सर्वोच्च श्रेय आहे, आणि आत गेल्यावर यजमान सातूची पेज आणि पोटभर पाणी पुढे ठेवून विचारतो की पाहुणचार बरा झाला ना. म्हणजे पाटीपेन्सिलताई, तुमची पेज आपल्यापर्यंत एका स्टॉइकानं पोचवलीय.

माझा आक्षेप वेगळा आहे. एपिक्युरस म्हणतो की लपून जगा, राजकारणात पडू नका. मग शहर कोण चालवणार? बाग शांत राहिली कारण बाहेर कुणीतरी वेस राखत होतं.

---

जुनापिंपळ | बुधवार, दुपारी ३:४५

खडक, हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एक प्रसंग सांगतो. इ.स.पू. २९४ च्या सुमाराला डेमेट्रियस नावाच्या सेनापतीनं अथेन्सला वेढा घातला, दाणागोटा बंद झाला, लोक उपाशी मरायला लागले. त्या काळात एपिक्युरसनं आपल्या बरोबरच्या माणसांना कडधान्याचा एकेक दाणा मोजून वाटत जगवलं. हे लिहून ठेवलंय प्लुटार्क या ग्रीक लेखकानं, जो एपिक्युरसच्या विरोधात हात धुऊन मागे लागलेला होता.

शहर त्यानं वाचवलं नाही. माणसं वाचवली. तुम्ही ठरवा.

---

केळफूल | बुधवार, दुपारी ४:०२

एकेक दाणा मोजून. आणि त्याला म्हणे दिवसातून दोनदा ओकणारा.

---

रेवदंडा_ते_अश्दोद | बुधवार, रात्री ८:३०

नमस्कार. मी बेने इस्रायली, घराणं रेवदंड्याचं, आता पुष्कळ वर्षं इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. घरात अजून मराठी चालते. हा धागा वाचता वाचता मी खुर्चीत सरळ बसलो कारण हे नाव आमच्याकडे रोजच्या भाषेत आहे, फक्त त्याचा खाण्याशी काही संबंध नाही.

हिब्रूत 'अपिकोरोस' म्हणजे धर्म न मानणारा, पाखंडी. शब्द फार जुना, मिश्ना या आमच्या जुन्या धर्मग्रंथात सनहेद्रिन या भागाच्या दहाव्या प्रकरणात आहे, येणाऱ्या जगात कुणाकुणाला वाटा नाही त्यांची यादी दिलीय त्यात अपिकोरोस येतो. बाराव्या शतकात मायमोनिडीस सारख्या मोठ्या पंडितानं या शब्दाची फोड केली ती अरामी भाषेतून, बेबंद अशा अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे हे एका ग्रीक माणसाचं नाव आहे हेच तोवर विसरलं गेलं होतं. माणूस गेला, त्याचं गाव गेलं, भाषा गेली, नुसती शिवी उरली.

आमच्या घरी माझे काका शब्बाथ फारसा पाळायचे नाहीत तेव्हा मोठ्या आईच्या इथल्या शेजारणी त्यांना अपिकोरोस म्हणायच्या आणि मोठी आई मराठीत विचारायची म्हणजे काय गं. तिला ठाऊक असलेली आमची ओळख म्हणजे कोकणातली 'शनिवार तेली', घाणा शनिवारी बंद ठेवणारे. शनिवारी काम करणाऱ्याला एका ग्रीक माणसाच्या नावानं का हाक मारतात हे तिला कुणी सांगितलं नाही आणि मलाही आज कळलं. काका फार चांगला माणूस होता. सगळ्यांच्या आजारपणात तोच धावायचा.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:०५

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इंग्रजीत खादाड आणि हिब्रूत पाखंडी, एकाच नावाच्या दोन मुलखांत दोन शिव्या. खरं म्हणजे देव नाहीत असंही तो म्हणत नाही, देव आहेत पण ते आपल्या आनंदात आहेत, त्यांना आपला राग येत नाही आणि लोभही नाही, म्हणून त्यांना भिऊ नका, इतकंच. इटालियन कवी डांटेनंही आपल्या काव्यात त्याला नरकाच्या सहाव्या वर्तुळात पेटत्या थडग्यात टाकलंय, आत्मा देहाबरोबर मरतो म्हणणाऱ्यांच्या रांगेत.

---

शिंपला | गुरुवार, पहाटे २:१०

मी नेपल्सजवळ राहतो. इथला माणूस म्हणून माझा या धाग्यात भाग घ्यायचा हक्कच आहे.

इ.स. ७९ मध्ये वेसुव्हियस फुटला तेव्हा पॉम्पेईबरोबर हर्क्युलेनियम नावाचं गाव गाडलं गेलं. १७५२ मध्ये तिथल्या एका आलिशान बंगल्यात खोदताना कोळशाच्या ओंडक्यांसारखं काही सापडलं, ते होते पपायरसच्या गुंडाळ्या, संपूर्ण ग्रंथालय जळून काळं झालेलं. उघडायला गेलं की भुगा. मग पियाजिओ नावाच्या पाद्रीबुवांनी एक यंत्र केलं, रेशमी धाग्यांनी गुंडाळी टांगून ठेवायची आणि दिवसाला कणाकणानं सुटू द्यायची, एकेका गुंडाळीला वर्षं लागायची. जे वाचता आलं त्यातलं पुष्कळसं फिलोडेमसचं निघालं, हा एपिक्युरसच्या पंथाचा, सिसेरोच्या काळातला. म्हणजे ज्या ज्वालामुखीनं गाव मारलं त्यानंच एपिक्युरसवाल्यांची पुस्तकं राखून ठेवली, कारण बाकी जगात ती कुणी नकलून ठेवली नाहीत. नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या गुंडाळ्या मी काचेपलीकडून बघितल्यात. जळालेल्या कणसासारख्या दिसतात.

आता खरी गंमत पुढे. २०२३ मध्ये गुंडाळी न उघडताच एक्स-रे स्कॅन आणि कॉम्प्युटरच्या मदतीनं वाचायची जाहीर स्पर्धा लागली. पहिला पूर्ण शब्द निघाला तो 'जांभळा'. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन तरुण विद्यार्थ्यांना ७ लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं. आणि दोन हजार वर्षं कुणी न वाचलेल्या त्या मजकुरात काय चाललंय? सुखाबद्दलच! एखादी गोष्ट दुर्मिळ असली म्हणून ती भरपूर असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त सुख देते का, अशी चर्चा, त्यात खाण्याचंच उदाहरण. मला ती बातमी वाचताना अंगावर काटा आला होता. पाटीपेन्सिलताईंच्या सात पदार्थांच्या जेवणावर जणू थेट उत्तर.

बंगल्याचा मोठा भाग अजून जमिनीखालीच आहे, वर आजचं गाव वसलंय.

---

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ८:००

शिंपला, जबरदस्त. यावर वेगळा धागा काढा. मी सुखाबद्दलची माझी पहिली तक्रार मागे घेतो.

---

खडक | गुरुवार, सकाळी ९:३०

मजकूर टिकण्याचाच विषय निघालाय तर एक भर. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला डोंगरात ओएनोआंडा नावाचं उजाड गाव आहे. तिथे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डायोजिनिस नावाच्या (हा पिंपळकाकांच्या चरित्रकाराहून वेगळा) एका म्हाताऱ्या श्रीमंत माणसानं गावातल्या सार्वजनिक भिंतीवर एपिक्युरसचं अख्खं तत्त्वज्ञान दगडात कोरून घेतलं. कारणही त्यानं कोरलंय, की आता माझं आयुष्य मावळतीला आलंय, लोक साथीच्या रोगासारखे चुकीच्या समजुतींनी आजारी आहेत, एकाकडून दुसऱ्याला लागण होतेय, आणि मला सगळ्यांना एकेकट्याला भेटता येणार नाही. पुढे जन्मणाऱ्यांसाठीही, आणि परक्यांसाठीही, ज्यांना परके म्हणतात खरे पण ते परके नाहीत, कारण सगळ्यांचं घर ही एकच पृथ्वी. भिंत पडली, लोकांनी दगड घरांना वापरले, १८८४ मध्ये फ्रेंच अभ्यासकांना तुकडे सापडायला लागले आणि आज ३०० च्या आसपास तुकडे हाताशी आहेत.

मी काल लपून जगा यावर आक्षेप घेतला होता. भर चौकात भिंत कोरणारा माणूस त्याच पंथाचा निघाला, हे मला नोंदवायलाच हवं.

---

रातपाळी | गुरुवार, रात्री ११:५०

मी आयसीयूत नर्स आहे, अकरा वर्षं झाली. धागा दोन दिवस गप्प वाचत होते.

त्याचं मृत्यूबद्दलचं वाक्य माझ्या एका पेशंटच्या मुलानं मला सांगितलं होतं, मोठा शिकलेला मुलगा होता, वडील व्हेंटिलेटरवर. म्हणाला सिस्टर, आपण आहोत तोवर मृत्यू नाही आणि मृत्यू आला की आपण नाही, मग घाबरायचं कशाला. वडील गेल्यावर तोच मुलगा पॅसेजमध्ये भिंतीला डोकं लावून रडत होता. मला तेव्हा या वाक्याचा रागच आला होता. मरणाऱ्याला ते चालत असेल. मागे राहतो त्याच्यासाठी मृत्यू आहेच ना, आणि तोही आहेच. दोघं एकाच खोलीत आहेत. माझे बाबा गेले तेव्हा मला कुणी हे ऐकवलं असतं तर मी बोलणंच सोडलं असतं.

तुम्ही सगळे इतकं प्रेमानं लिहिताय म्हणून विचारते, त्यानं मागे राहिलेल्यांसाठी काही सांगून ठेवलंय का?

---

पाटीपेन्सिल | शुक्रवार, सकाळी ६:४०

रातपाळी, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच लिहायचं धाडस झालं नाही.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ते वाक्य स्वतःच्या मरणाच्या भीतीवरचं औषध आहे, दुसऱ्याच्या मरणाच्या दुःखावरचं नाही, आणि एकाची गोळी दुसऱ्याला दिली तर ती लागू कशी पडेल. त्या मुलाची चूक नव्हती, त्याला हाताशी तेवढीच मिळाली होती.

मागे राहिलेल्यांसाठी मला दोन गोष्टी सापडल्या. १८८८ मध्ये व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात या पंथाची ८१ वचनं मिळाली, त्यातलं एक असं की गेलेल्या मित्रांबद्दलचा जिव्हाळा आक्रोश करून नाही तर त्यांचा विचार करून, त्यांची काळजी वाहून दाखवावा. दुसरी गोष्ट पुन्हा प्लुटार्ककडून. तो सांगतो की मित्राच्या मरणावर रडूच नये म्हणणाऱ्यांशी एपिक्युरसच्या लोकांचा वाद होता, त्यांचं म्हणणं की असं कोरडं राहणं दुःखाहून वाईट, त्यापेक्षा डोळे भरून येऊ देत, जीव कळवळू दे. म्हणजे पॅसेजमध्ये रडणाऱ्या त्या मुलाला त्याच्या बागेत कुणी नावं ठेवली नसती.

आणि त्याचा स्वतःचा शेवट. मुतखड्यानं लघवी अडली, चौदा दिवस भयंकर वेदना. वय ७२. शेवटच्या दिवशी त्यानं आयडोमेनियस या मित्राला पत्र लिहिलं. त्यात दुखणं लपवलेलं नाही, याहून जास्त दुखू शकत नाही असंच लिहिलंय, पण आपल्या जुन्या गप्पांची आठवण या सगळ्यासमोर उभी केलीय आणि मन आनंदात आहे असं म्हणतो. आणि मग पत्राच्या शेवटी तत्त्वज्ञान नाही. मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे, एवढंच.

---

रातपाळी | शुक्रवार, सकाळी ८:१५

आत्ताच ड्यूटी संपवून घरी आले. मुतखड्याचं दुखणं मी बघितलंय. त्यात कुणाला दुसऱ्याची मुलं आठवतात हे वाचून मी चहा तसाच ठेवला.

मेट्रोडोरस म्हणजे तोच ना ज्याच्या भावानं बदनामी केली? तो कुठे होता? आणि मुलांचं पुढे काय झालं?

---

जुनापिंपळ | शुक्रवार, सकाळी १०:२०

बाळ, मेट्रोडोरस त्याच्याआधी सात वर्षं गेला होता. भाऊ बाहेर शिव्या देत होता आणि हा मरेपर्यंत बागेत राहिला. रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये या दोघांचा पाठीला पाठ लावलेला एक जोडपुतळा आहे.

एपिक्युरसचं मृत्युपत्र चरित्रकारानं जसंच्या तसं दिलंय. बाग हर्मार्कस (त्याच्यामागून शाळा सांभाळणारा) आणि शाळेच्या वापरासाठी. मेट्रोडोरसच्या मुलाचा आणि मुलीचा खर्च इस्टेटीतून, मुलगी मोठी झाली की तिचं लग्न आणि हुंड्याची सोय. मायस, निसियस, लायकॉन हे तीन गुलाम आणि फेड्रियम ही बाई यांना मुक्त केलंय. चारच नावं आहेत, आणि माणसं मालकीची होती हे मी डोळ्याआड करणार नाही. १८१९ मध्ये अमेरिकेच्या थॉमस जेफरसननं एका पत्रात अभिमानानं लिहिलं की मीही एपिक्युरियन आहे, आणि त्यानं आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली, मृत्युपत्रात मुक्त केली ५. त्याच नावाखाली १८४१ मध्ये कार्ल मार्क्सनं येना विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध दिला, विषय डेमोक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या निसर्गविचारातला फरक. जेफरसन आणि मार्क्स एकाच माणसाकडे ओढले जातात, म्हणजे त्या नावात नक्कीच खूप जागा आहे.

मुलांचं पुढे काय झालं ते विचारलंत. मृत्युपत्रात मुलाचं नाव आलंय. मेट्रोडोरसनं आपल्या मुलाचं नाव एपिक्युरस ठेवलं होतं.

---

केळफूल | शुक्रवार, सकाळी १०:३१

बागेत अंगणात खेळणारा छोटा एपिक्युरस. या नावाला चिकटलेला हा सगळ्यात पहिला अर्थ, मित्राचं मूल.

---

रेवदंडा_ते_अश्दोद | शुक्रवार, दुपारी १२:००

केळफूल, हे आज संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाला घरी सांगणार आहे. काकांची आठवण निघेलच.

---

पाटीपेन्सिल | शुक्रवार, दुपारी १:१५

पिंपळकाकांनी मृत्युपत्रातली एक गोष्ट माझ्यासाठी ठेवली असावी. त्यात असंही आहे की दर महिन्याच्या २० तारखेला आपल्या लोकांनी जमावं, माझी आणि मेट्रोडोरसची आठवण काढावी. हे पुढे शेकडो वर्षं चाललं, लोक त्यांना 'विशीवाले' म्हणायचे. फिलोडेमसनं रोममधल्या आपल्या श्रीमंत आश्रयदात्याला विसाव्या तारखेच्या जेवणाचं आमंत्रण कवितेतून दिलंय, त्यात सांगितलंय की माझ्याकडे साधंच असेल, पण खरे मित्र असतील. इ.स. १२१ मध्ये सम्राट ट्राजनची विधवा प्लोटिना हिनं अथेन्सच्या शाळेचा प्रमुख निवडायच्या अटी सैल कराव्यात म्हणून पुढचा सम्राट हेड्रियन याच्याकडे शब्द टाकला होता, म्हणजे एपिक्युरस जाऊन चारशे वर्षं होत आली तरी बाग चालू होती.

माहितीपत्रकाचं सांगायचं राहिलं. काम परत उघडलं. जाहिरातीत त्यांना खवय्येच म्हणायचं होतं, तो शब्द मी तसाच ठेवला, गिऱ्हाइकाचं काम आहे. पण त्याच्या आसपास कुठेही एपिक्युरसचं नाव येऊ दिलं नाही. मराठीत तरी ते नाव अजून कुणाला चिकटलेलं नाही, ते माझ्या हातून चिकटायला नको.

---

डोंगरवाट | शुक्रवार, दुपारी १:४०

योग्य केलंत ताई. मग २० ला कट्टा करूया का? पुण्यात कुणाच्या तरी घरी नाहीतर तळजाईवर झाडाखाली. प्रत्येकानं आपापली भाकरी आणायची. चीज मी आणतो, एकच डबी.

---

खडक | शुक्रवार, दुपारी २:०५

येतो. वाद घालायला येतो.

---

जुनापिंपळ | शुक्रवार, दुपारी २:३०

गुडघ्यामुळे टेकडी जमणार नाही, घरी ठेवलात तर नक्की. आमच्याकडे अंगण आहे, जिना नाही.

---

रातपाळी | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

२० ला माझी रात्रीची ड्यूटी आहे, आठला रिपोर्टिंग. काकांच्या अंगणात पाचला भेटत असाल तर दोन तास बसून तिथूनच हॉस्पिटलला जाईन. ठेचा मी आणते.